हव्वाखाला खोरफक्कानला उतरली

हव्वाखालाने क्रूझ अर्ध्यात सोडली, ही बातमी मला तिच्या सुनेने फोनवर दिली. नबिला भराभर बोलत होती.

"संजनाताई, अम्मींचा काही फोन आला का? खोरफक्कानला उतरल्या त्या परत चढल्याच नाहीत. आम्ही शिपवरून बोलतोय. आता सुटतेय, नेटवर्क जाईल."

"म्हणजे हरवल्या?"

"नाही हो. सांगून उतरल्या. सही करून."

फोन कट झाला. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत होते. खरं सांगायचं तर मला काळजी वाटली नाही. ज्या बाईने अकरा वर्षं शारजाच्या शाळेच्या बसमधून दुसऱ्यांची पोरं रोज घरापर्यंत पोचवली, ती स्वतः कुठे हरवणार? माझे अंश आणि कैवल्य दोघेही तिच्याच बसने शाळेत गेले. पहिलीत असताना कैवल्य घरी येऊन मला सांगायचा, "मम्मा, खाला सेज टाय युवर शूज, नो डिस्कशन." आमच्या घरात अजूनही वाद मिटवायचा असला की कोणीतरी "नो डिस्कशन" म्हणतं.

हव्वाखाला मूळची रत्नागिरीजवळच्या कर्ल्याची. खाडीकाठचं गाव. लग्न होऊन बाविसाव्या वर्षी शारजाला आली, ती रोल्लातल्या एका खोलीत. नवरा रफिक सोलकर इंडस्ट्रियल एरियात गिअरबॉक्सचा मिस्त्री होता. बोलायला कमी आणि कामात पक्का. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा त्याच तक्रारीसाठी येत नाही असं खाला अभिमानाने सांगायची. दोन हजार बारा साली तो गॅरेजमध्येच छातीत कळ येऊन गेला. शारजातच दफन झालं. मुलगा रिझवान तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता.

नवऱ्यामागची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली आणि कर्ल्याहून दीर आला, खालाचं आणि रिझवानचं तिकीट घेऊनच. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुरुष गेला, आता इथे काय ठेवलंय?

"मी त्याला चहा दिला," खाला मला सांगत होती, "आणि म्हटलं, तिकीट परत कर. माझा पोरगा इथे शिकतोय. माझा नवरा इथल्या मातीत आहे. तिकडे माझं काय आहे? विहीर?"

दीर आठ दिवस राहिला, रागावून गेला. नवव्या दिवशी खालाने शाळेच्या बसवर नोकरी धरली.

बसची बाई म्हणजे आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही असं माणूस. अंगात चमकणारं पिवळं जॅकेट, हातात यादी, पहाटे पाचला घराबाहेर. पोरांना चढवायचं, पट्टे लावायचे, उलट्या पुसायच्या, मारामाऱ्या सोडवायच्या, आणि शेवटी बस रिकामी झाली की मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन कोणी झोपून राहिलं नाही ना ते बघायचं. या देशातल्या उन्हात बंद बसमध्ये राहिलेल्या पोराचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं तीच तपासणी करायची म्हटलं की माणसं सैल पडतात. खाला पडली नाही. प्रत्येक सीटला हात लावत जायची, वाकून खाली बघायची. एकदा सुपरवायझरने तिच्याकडे आठवड्याभराच्या तपासणीचे कागद दिले, सगळ्यांवर आत्ताच सह्या करून ठेवा म्हणाला, ऑडिट आहे. खालाने कागद त्याच्या टेबलावर परत ठेवले.

"सही मी बस बघून करते. टेबल बघून नाही."

तो सुपरवायझर म्हणजे धनंजय शेलार, साताऱ्याकडचा. त्या दिवशी भडकला. पुढे तोच नव्या बायकांना ट्रेनिंगसाठी खालाच्या बसवर पाठवायला लागला.

रिझवान शिकला, दुबईत एका लॉजिस्टिक्स कंपनीत लागला, चढत गेला. नबिलाशी लग्न झालं, यम्ना झाली. अल नहदाला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला भाड्याने. मुलगा वाईट नाही, हे मी आधीच सांगते. आईला एसीची खोली दिली, दर महिन्याला शुगर तपासायला स्वतः न्यायचा. पण दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो म्हणाला, "अम्मी, आता ती बस सोड. माझ्या बॉसची मुलगी तुझ्या बसमध्ये आहे."

एवढंच म्हणाला. खालाने पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. कंपनीचा व्हिसा गेला आणि ती रिझवानच्या व्हिसावर आली. शेवटच्या दिवशी बसमधल्या पोरांनी तिला पुठ्ठ्याचा मोठा हात कापून दिला होता, त्यावर सगळ्यांच्या सह्या. तो तिने कपाटाच्या आत चिकटवला, बाहेर नाही.

त्यानंतर मी तिला भेटायला गेले की ती बाल्कनीत असायची. खाली रस्त्यावर सकाळच्या पिवळ्या बसेस जायच्या. "ही उशिरा आली. ही ड्रायव्हर बदललाय वाटतं," असं काहीबाही पुटपुटायची. घरात तिला काम नव्हतं. काम नाही याचं कौतुक सगळे करायचे.

मग डिसेंबरची शाळेची सुट्टी लागली आणि रिझवानने क्रूझ बुक केली. तीन रात्रींची. दुबईहून निघायचं, उत्तरेकडे जायचं, मुसंदमच्या डोंगरांना वळसा घालून दुसऱ्या दिवशी सकाळी खोरफक्कान, मग ओमानमधलं खसब, मग परत.

"खोरफक्कानला तर गाडीने तासाभरात जातो आपण," खाला म्हणाली. "त्यासाठी रात्रभर बोटीत कशाला?"

"अम्मी, एन्जॉय कर ना एकदा," रिझवान म्हणाला.

बोटीवर तिला आवडलं नाही असं नाही. पहाटे पाचला सवयीने जाग आली, तशी ती शाल घेऊन वर डेकवर गेली. उजाडायला लागलं तसे डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला उघडेबोडके तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी खोरफक्कानचे दिवे. साफसफाई करणारा एक नेपाळी माणूस सोडला तर डेकवर कोणी नव्हतं. त्याने तिला खुर्ची पुसून दिली. दोघं हिंदीत गप्पा मारत बसले. सूर्य डावीकडून, समुद्रातून वर आला. शारजाला तो समुद्रात बुडतो. पस्तीस वर्षांत हे आपण कधी बघितलंच नाही, असं तिच्या मनात आलं.

नऊ वाजता सगळे खाली उतरले. बंदरावर टूरच्या बसेस उभ्या होत्या. सोलकर मंडळींना चार नंबरची बस मिळाली. गाईड अफनान नावाची हसरी मुलगी होती, हातात चार आकड्याची पाटी. बस डोंगरातल्या रफीसा धरणाकडे निघाली.

खाला सांगते, मोजायचं तिच्या मनात नव्हतं. पण दारातून माणसं चढायला लागली की तिचे ओठ हलतात. बंदरावर अडतीस चढले होते. धरणापाशी बस थांबली, सगळे उतरले, आणि खालाच्या ओठांवर सदतीसच आले.

"रिझवान, एक कमी आहे."

"अम्मी, प्लीज. गाईड आहे ना."

गाईड पाटी वर धरून पुढे निघालीसुद्धा होती. पेशावरकडचा ड्रायव्हर दार लावत होता. खाला परत फिरली आणि तिने दारात पाय घातला.

"एक आदमी कम है."

"खलास, अम्मा. सब उतर गए."

"तूने देखा? पीछे तक?"

ड्रायव्हरने नुसतेच खांदे उडवले. खाला त्याच्या अंगावरून वर चढली. एकेका सीटला हात लावत मागे गेली. शेवटच्या लांब सीटवर एक गोरा म्हातारा आडवा झोपला होता, टोपी तोंडावर, कानातलं यंत्र काढून मुठीत धरलेलं. खालाने त्याचा खांदा हलवला. त्याने डोळे उघडले, समोर ही डोक्यावरून ओढणी घेतलेली बाई, आणि तो शांतपणे जर्मनमध्ये काहीतरी बोलायला लागला. एकटाच आला होता. त्याची वाट बघणारं कोणी खाली नव्हतंच.

अफनान धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बस दीड तास उन्हात उभी राहणार होती, काचा बंद, एसी बंद. डिसेंबर असला म्हणून काय झालं. "शुक्रिया, आंटी," ती दोनदा म्हणाली. म्हाताऱ्याने यंत्र कानात घातलं, सगळं समजून घेतलं, आणि खालाचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला. उतरलेल्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या.

रिझवानला त्या टाळ्या झोंबल्या. तो आईला बाजूला घेऊन म्हणाला, "तू पॅसेंजर आहेस, अम्मी. पॅसेंजरसारखी राहा."

खालाने ओढणी सारखी केली आणि यम्नाचा हात धरला.

धरणाच्या पाण्यात पायाने चालवायच्या छोट्या बोटी होत्या. यम्नाला आजीबरोबरच बसायचं होतं. दोघी पाण्यात निघाल्या. यम्ना आठ वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

"दादी, यू वेअर सो कूल. इन टोरांटो ऑल्सो दे हॅव येलो बसेस. बट हू विल काउंट देअर? यू वोन्ट बी देअर."

"मी कुठे असणार मग?"

यम्नाने जीभ चावली. "पापा सेड इट्स अ सरप्राइज."

"सांग ना. मी दचकून दाखवीन पापाला."

"यू आर गेटिंग युवर ओन फ्लॅट. इन रत्नागिरी. विथ अ लेडी टू कुक."

खालाचे पाय थांबले. एकट्या यम्नाचेच पाय चालत होते, त्यामुळे बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. यम्ना हसायला लागली. खाला म्हणते, त्या पोरीचं हसणं ऐकत मी दोन चकरा तशाच होऊ दिल्या. मग पाय चालवले.

तिने तिथे काही काढलं नाही. बसने सगळ्यांना परत गावात आणलं, समुद्रकाठच्या रस्त्यावर सोडलं. चारच्या आत बोटीवर या, पाचला सुटणार, असं अफनानने बजावलं. चौघं एका हॉटेलात जेवायला बसली. तळलेली सुरमई आली. खालाने काटा काढून पहिला तुकडा यम्नाच्या ताटात ठेवला आणि विचारलं, "रिझवान, माझं तिकीट कधीचं आहे?"

रिझवानने नबिलाकडे बघितलं. नबिलाने यम्नाकडे. यम्नाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"अठरा जानेवारी," रिझवान म्हणाला. "अम्मी, मी सांगणारच होतो. खसबला. डॉल्फिन बघायला जाणार आहोत तेव्हा निवांत–"

"डॉल्फिन दाखवून सांगणार होतास?"

"तू असं करू नकोस. मला कॅनडात कायम राहायचा पीआर मिळालाय. किती वर्षं ट्राय करत होतो तुला माहितीये. तुला लगेच नेता येत नाही, दोन-तीन वर्षं लागतील. तोपर्यंत रत्नागिरीत मस्त फ्लॅट घेतलाय, लिफ्ट आहे, बाई ठेवलीये. तुला शुगर आहे, गुडघा आहे..."

"गुडघा माझा आहे."

"आणि व्हिसा माझ्यावर आहे, अम्मी! मी गेलो की तो कॅन्सल. मग तू राहणार कशी इथे?"

हे त्याला बोलायचं नव्हतं. बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला. पण खोटं काही नव्हतं त्यात. या देशात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईचं इथलं असणं मुलाच्या एका कागदाला लटकलेलं होतं, आणि तो कागद तिने स्वतःच्या हाताने त्याच्याकडे दिला होता, बॉसच्या मुलीसाठी.

खालाने ताटातलं जेवण संपवलं. अन्न टाकायची तिला सवय नाही. हात धुतले, आणि समोरच्या रस्त्यापलीकडे समुद्राकडे तोंड असलेल्या बाकावर एकटी जाऊन बसली. पर्समधून फोन काढला.

"धनंजय, हव्वाखाला बोलतेय. तुझ्याकडे बसवर बाईची जागा आहे का?"

पलीकडे गॅरेजचा आवाज. "खाला? कशा आहात? जागा... बघा, जानेवारीपासून एक रूट रिकामा आहे. लांबचा आहे, कोणी घेत नाही. पहाटे सव्वाचारला बसच्या यार्डात यावं लागतं. कोणासाठी विचारताय?"

"माझ्यासाठी."

"तुमचं वय आता अठ्ठावन्न ना? मेडिकल नव्याने लागेल. मॅनेजर कुरकुर करेल. मी बोलून बघतो, इन्शाल्ला..."

"इन्शाल्ला नको. तू पाठीशी उभा राहणार की नाही, तेवढं सांग."

"राहीन," धनंजय म्हणाला. "पण आधीचा व्हिसा मुलाने कॅन्सल करून द्यायला हवा. त्याशिवाय काही होत नाही. सोमवारी या, बसून बोलू."

"आजच येते."

"आज? आहात कुठे तुम्ही?"

"खोरफक्कानला."

ती बाकावरून उठली तेव्हा तीन वाजले होते. रिझवान मागे येऊन उभा होता. फोन त्याने ऐकला असावा.

"अम्मी, चल. बोटीवर जाऊन शांतपणे बोलू."

"मी बोटीवर येत नाही."

"म्हणजे?"

"बोटीवर चढले की तुझा बेत चालू होतो. तुझी खसब, तुझे डॉल्फिन, मग अठरा तारीख. मी इथेच उतरते."

बंदरावरच्या पासपोर्टच्या खिडकीत एक तरुण अमिराती बाई होती. असं कोणी मधेच उतरत नाही, त्यामुळे तिला आधी कळेचना. बोटीवरच्या ऑफिसमधून एकजण फाइल घेऊन खाली आला. कुटुंब पुढे जाणार आणि आई इथे राहणार, हे कळल्यावर त्या बाईचा चेहरा बदलला. तिने रिझवानकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला.

"मुलगा तुम्हाला सोडून चाललाय?" तिने खालाला आधी अरबीत, मग मोडक्या हिंदीत विचारलं.

"ला, नाही," खाला म्हणाली. बसमधल्या पोरांच्या आयांकडून शिकलेलं अरबी तिला इथे पुरलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "अना. मीच उतरतेय. वो नहीं छोड़ा."

"नक्की?"

"नक्की."

तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर त्या बाईने फॉर्म पुढे सरकवला. खालाने चष्मा लावून सगळा वाचला आणि मग सही केली.

रिझवानचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील, कळतंय तुला? आईला बंदरावर टाकून गेला म्हणतील!"

"सांग त्यांना, ती उतरली. खरं आहे तेच सांग."

"सामान वर आहे तुझं!"

"ते मी आणते," नबिला म्हणाली. सबंध दिवसात ती पहिल्यांदाच मधे बोलली होती. रिझवान तिच्याकडे बघतच राहिला. "तू पण?"

"औषधं त्यांच्याबरोबर असलेली बरी," नबिला म्हणाली आणि गेली. वीस मिनिटांनी खालाची बॅग घेऊन खाली आली. कपडे नीट घडी केलेले होते. शुगरच्या गोळ्या वरच्या कप्प्यात, फोनचा चार्जर, आणि बोटीवरच्या नाश्त्यातली दोन सफरचंदं. सासूच्या हातात बॅग देताना तिने चेन नीट लागलीये ना ते एकदा ओढून बघितलं.

यम्ना खालाच्या कमरेला बिलगली. "दादी, आर यू इन ट्रबल?"

"थोडीशी."

"इज इट बिकॉज आय टोल्ड?"

"तू सांगितलंस ते बरं केलंस. कोणी तुला ओरडलं तर मला फोन कर."

हे शेवटचं ती रिझवानला ऐकू जाईल असं बोलली. मग बॅग उचलून चालायला लागली. वळून बघितलं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "बघितलं ना. पोरगा आहे माझा. उभा होता तसाच, हात खिशात घालून. लहानपणी रुसला की तसाच उभा राहायचा."

बंदराबाहेरचा टॅक्सीवाला शारजाचे अडीचशे दिरहम म्हणाला. "अडीचशे! म्हणजे सहा हजार रुपये!" खालाने भर रस्त्यात त्याला हिशेब ऐकवला आणि बस स्टॉपचा रस्ता विचारला. बस मिळाली. खिडकीची सीट मिळाली. बस डोंगरात शिरली, एकामागून एक बोगदे सुरू झाले.

"बोगद्यात मला भीती वाटली," तिने मला सांगितलं. "तोपर्यंत नाही वाटली. अंधार झाला आणि मनात आलं, हव्वा, हे तू काय केलंस? ना घर, ना कागद. समोरच्या सीटची दांडी धरून बसले. शेजारी एक फिलिपिनो मुलगी होती, तिने विचारलं, ओके, मॅडम? मी म्हटलं, शुगर लो आहे. सफरचंद खाल्लं."

ती आधी इंडस्ट्रियल एरियातल्या यार्डात गेली. धनंजय वाट बघत थांबला होता. त्याने फॉर्म भरून घेतला, मॅनेजरला तिच्यासमोरच फोन लावला, आणि मॅनेजर वयाचं बोलायला लागल्यावर म्हणाला, "सर, माझ्याकडच्या सहा बायका हिच्या हाताखाली तयार झाल्यात. हिला नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच समोर येऊन म्हणा." मॅनेजर समोर आला नाही.

रात्री आठच्या सुमाराला खाला माझ्या दारात उभी राहिली. हातात बॅग, पायात क्रूझसाठी नबिलाने घेऊन दिलेले नवेकोरे पांढरे बूट.

"दोन दिवस ठेवशील? तुझ्या नवऱ्याला विचार आधी."

"खाला, नो डिस्कशन," कैवल्य आतून ओरडला. त्याला आता मिशी फुटायला लागलीये.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. रिझवान क्रूझवरून आला तो तडक आमच्याकडे. बसला नाही. उभ्या उभ्याच आईला म्हणाला, मी व्हिसा कॅन्सलची सही करणार नाही, तू अठराला जाणार. खाला म्हणाली, अठराला विमान जाईल, मी जाणार नाही. पोलिसांना बोलावून चढवायचं असेल तर बोलाव. तो गेला. अठरा तारीख आली. त्या सकाळी खालाने आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, एकवीस. एवढ्या कोण खाणार म्हणून मी विचारलं तर म्हणाली, हात गुंतलेला राहू दे. दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होती. विमानाची वेळ टळली तेव्हा तिने तवा उतरवला.

त्यानंतर पाच दिवसांनी रिझवानचा मेसेज आला: रोल्लाच्या टायपिंग सेंटरला ये, अकरा वाजता. मी तिच्याबरोबर गेले. रिझवान आधीच येऊन बसला होता, डोळे सुजलेले. क्लार्कने व्हिसा कॅन्सलचे कागद भरून काढले, रिझवानने सह्या केल्या. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अम्मी, मला खरंच वाटत होतं तुला तिकडे बरं वाटेल."

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारलं नाहीस ना?"

मग त्याने तिला बेकरीत नेऊन चहा पाजला. मी मुद्दाम मागे थांबले.

फेब्रुवारीच्या शेवटी ते तिघं टोरांटोला गेले. खालाचा नवा व्हिसा मार्चमध्ये लागला. आता ती रोल्लात एका खोलीत दोन बायकांबरोबर राहते. एक केरळची नर्स, दुसरी आपल्या महाडची, टेलरिंग करणारी. खोली लहान आहे. एसीचं पाणी गळतं, त्याखाली बादली ठेवावी लागते. गुडघा दुखतोच. मे महिन्यात एकदा बसमध्ये तिला चक्कर आली, ड्रायव्हरने पाणी मारून उठवलं, आणि हे टोरांटोला कळवायचं नाही अशी तिने आम्हा सगळ्यांना ताकीद दिली. चौदाव्या मजल्यावरून ती या खोलीत आली याला सुख म्हणायचं की नाही, यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, हट्ट आहे. असेल. हट्ट करायचं वय कधी संपतं हे कोणी ठरवायचं?

यम्ना दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करते. रिझवान मधेच येऊन दोन मिनिटं बोलतो, तब्येत विचारतो, परत जातो. अजून पूर्ण मोकळा झालेला नाही. नबिला कधी कधी एकटी फोन करते, दुपारी, खालाची बस यार्डात उभी असते तेव्हा. त्या दोघी काय बोलतात ते खाला मला सांगत नाही.

परवा बाजारात भेटली. रिझवान येतोय म्हणाली, एकटाच, कामासाठी, आठ दिवस.

"मग? कुठे उतरणार?"

"हॉटेलात. आमच्या खोलीत पुरुष चालत नाही. त्याला म्हटलं, ये, पण शाळा चालू आहे, मला रजा मिळणार नाही. भेटायचं असेल तर दुपारी अडीचला यार्डात ये. डबा मी आणते, तुझ्यासाठीपण."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कुठल्या गेटला उभा राहू?" खालाने कोथिंबिरीची जुडी उचलून वास घेतला, नापसंत केली, दुसरी उचलली. "दोन नंबरचं गेट सांगितलंय. एक नंबरला ऊन असतं."